दारातला ड्रम

माझ्या पिकअपच्या दारातले दोन्ही स्पीकर कंपनीचेच होते आणि त्यातला एक कधीचाच फाटला होता. पूर्ण बंद पडला असता तर सुटले असते, पण फाटका स्पीकर बंद पडत नाही, कुरकुरत राहतो. कुणीही गात असो, त्याला सर्दी झालीय आणि जवळपास एक भुंगा अडकलाय असंच वाटायचं. बातम्या सांगणारी बाईसुद्धा माझ्यावर कशावरून तरी चिडलेली वाटायची.

माझी नर्सरी आहे, घराच्या मागेच. रोपं, कुंड्या, मातीच्या गोण्या गाडीत भरायच्या आणि लोकांच्या घरी, ऑफिसात, हॉटेलांत पोचवायच्या, हा माझा धंदा. त्यामुळे निम्मा दिवस गाडीत जातो. बाबा निवृत्त झाल्यापासून शेजारच्या सीटवर तेच असतात. ते मला मदत करतात असं त्यांना वाटतं. आईच्या मते मी त्यांना नेते ती तिला मदत म्हणून. बाबा कुंड्या उचलत नाहीत. ते मला पाठ असलेला रस्ता सांगतात आणि डॅशबोर्डवर बोटं वाजवत बसतात.

ही बोटं वाजवायची खोड जुनी. तरुणपणी नोकरी सांभाळून ते चार जणांच्या एका बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचे. अकॉर्डियनवर मास्तर, त्यांचाच बँड. ट्रम्पेटवर बाबांचा जिवाभावाचा मित्र, ज्याला मी लहानपणापासून ट्रम्पेटकाका म्हणते. चौथा सॅक्सोफोनवाला नंतर परदेशी गेला आणि पुढच्या भानगडीतून सुटला.

या बँडचं एकच रेकॉर्डिंग शिल्लक आहे. कुठल्याशा हॉलमधल्या कार्यक्रमात कुणीतरी टेपवर घेतलेलं, पुढे माझ्या भावाने ते सगळ्यांच्या फोनवर घालून दिलं. त्यात ट्रम्पेट खणखणीत ऐकू येतो, सॅक्सोफोन बरा, अकॉर्डियनचे वरचे सूर अधूनमधून. ड्रम मात्र औषधालाही नाही. फोनवर नाही, घरातल्या टीव्हीवर नाही, माझ्या गाडीत तर नाहीच. आई दर वेळी विचारायची, "यात तुम्ही आहात कुठे? त्या दिवशी घरीच असाल." बाबा हसायचे, पण जरा वेळाने उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

त्याच रेकॉर्डिंगच्या मध्यावर एक ठेच आहे. अंधारात जिना उतरताना पायरी चुकावी तशी धून एकदम अडखळते आणि दोन-चार पावलांत सावरते. कार्यक्रम संपल्यावर मास्तरांनी पडद्यामागे विचारलं, कोण चुकलं? बाबांनी ट्रम्पेटकाकांकडे बोट दाखवलं आणि त्याच क्षणी काकांनी बाबांकडे. मास्तर काही बोलले नाहीत. हे दोघे मात्र बोलले, आणि असं बोलले की पुन्हा कधी बोललेच नाहीत. बँड मोडला तो तेव्हाच. काकांचं चष्म्याचं दुकान आमच्या पुढच्या चौकात आहे, पण बाबा चष्मा करायला दोन बस बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाला जातात. माझ्या लग्नात दोघे हॉलच्या दोन टोकांना उभे होते, त्यामुळे फोटोग्राफरला एकच फोटो दोनदा काढावा लागला.

तर, त्या भुंग्याला कंटाळून मी एकदाची स्पीकरच्या दुकानात गेले. स्पीकरवाला आवाजाबद्दल इतक्या काळजीने बोलत होता, जितक्या काळजीने काही लोक स्वतःच्या पोटाबद्दल बोलतात. त्याचं म्हणणं असं की दाराच्या आत कोण डोकावतंय म्हणून गाडीच्या कंपन्या तिथेच काटकसर करतात. कागदाचा कोन, नखाएवढं मॅग्नेट, तो बिचारा वाजून वाजून वाजणार किती. त्याने मला नवी जोडी दिली, बसवायच्या रिंगा दिल्या, दाराचा पत्रा थरथरू नये म्हणून आतून चिकटवायचा जाड कागद दिला. बसवूनही देतो म्हणाला. मी म्हटलं, मी पाण्याचा पंप उघडून जोडलाय, हे काय मोठं. त्याने न विचारता मला आपला नंबर लिहून दिला.

सुट्टीच्या दुपारी मी गाडी शेडमध्ये घेतली. हँडलमागचा स्क्रू, हात टेकायच्या जागेखालचे दोन, मग पॅनलच्या कडेने स्क्रूड्रायव्हर घालून एकेक क्लिप उचकायची. बाबांना बशी दिली होती, स्क्रू सांभाळायला. तिसरी क्लिप अशी तुटली की तिचा तुकडा थेट जास्वंदीच्या कुंडीत गेला. पॅनल निघालं तेव्हा दाराच्या आत इतकी माती निघाली की मी तीही विकली असती.

कंपनीचा स्पीकर हातात आला तर रिकाम्या डबीसारखा हलका. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला, फाटक्या कोनावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "एवढ्याशा जिवाकडून आपण काय काय मागत होतो."

नवा स्पीकर चांगला जड होता. बसवला आणि खिडकीची काच खाली केली तर ती अर्ध्यात ठक्क करून थांबली. मॅग्नेट काचेच्या वाटेत येत होतं. पुन्हा खोलून खाली रिंग घातली, स्पीकर बोटभर बाहेर आला, काच सुटली. मग दुसरं दार. हात काळे, गुडघे सुजलेले, आणि बशीत एक स्क्रू उरलेला. तो कुठला हे बाबांना माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही.

गाणं लावलं. गाणारीची सर्दी गेली होती. मी तर खूश. बाबांनी खिशातून आपला फोन काढला आणि माझ्या हातात दिला. काय लावायचं ते सांगायची गरज नव्हती.

ट्रम्पेट झळाळून वाजला. हॉलमधला खोकला ऐकू आला, कुणीतरी खुर्ची सरकवली तीही ऐकू आली. ड्रम नव्हता. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. "छान झालंय. खुर्चीसुद्धा ऐकू आली," म्हणाले आणि हात धुवायला गेले. हात त्यांचे स्वच्छच होते.

मला ते काही बघवलं नाही. मी स्पीकरवाल्याला फोन लावला. तो वाटच बघत असावा. म्हणाला, आवाज आधी पूर्ण एका दारावर घ्या, मग पूर्ण दुसऱ्यावर. घेतला. माझ्या दारातून दणकन काहीतरी वाजलं. दुसऱ्या दारातूनही वाजलं. दोन्ही एकत्र केले की गायब.

"एका बाजूच्या वायरी उलट्या लागल्यात," तो समाधानाने म्हणाला. "एक स्पीकर हवा पुढे ढकलतोय तेव्हाच दुसरा मागे ओढतोय. मग खालचा आवाज दोघांच्या मध्येच मरतो. एकाच बाजूच्या वायरी बदला, दोन्हीकडच्या बदलू नका."

पुन्हा पॅनल काढलं. या वेळी एकही क्लिप तुटली नाही. वायरी बदलल्या, सगळं जागेवर बसवलं आणि बाबांना हाक मारली. ते आले, पण कुणाच्या घरी आग्रहाखातर दुसऱ्यांदा चहा घ्यावा लागल्यासारखे आले.

मी रेकॉर्डिंग लावलं.

ड्रम कानाला नाही, आधी पाठीला लागला. दारातून निघून सीटमधून वर आला. फळीवरच्या लहान कुंड्यांमधली पानं हलली. डॅशबोर्डवर वाजवायला उचललेला बाबांचा हात तसाच हवेत राहिला.

"हा मी," ते म्हणाले. अगदी हळू, जणू कुणाची ओळख करून देत होते.

आवाज ऐकून आई मागच्या दारातून बाहेर आली. खिडकीवर कोपर टेकून तिने सगळं ऐकलं. ड्रम तिलाही दारातून हातात जाणवत असणार, कारण तिने कोपर काढलं नाही. संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे होतात तर तुम्ही." आणि कधी नव्हे ते पुन्हा लावायला सांगितलं.

दुसऱ्या वेळी बाबांनी ती ठेच नीट ऐकली. ट्रम्पेट अडखळला, सॅक्सोफोन गडबडला, पण ड्रम जागचा हलला नाही. बाबा ताठ बसले. सीटबेल्ट लावला. चौकात चल म्हणाले. मी म्हटलं, उद्या जाऊ, माझे हात बघा. ते म्हणाले, तुझे हात त्याला दाखवायचे नाहीयेत.

दुकानात काका एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते. दारात बाबांना पाहून त्यांचे हात थबकले. माझ्या अर्ध्या आयुष्यात या दोघांना मी समोरासमोर उभं पाहिलं नव्हतं.

"गाडीत येऊन बस," बाबा म्हणाले. "ऐकवायचंय."

काकांनी गिऱ्हाइकाला आरशात चेहरा दाखवला, शेजारच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगितलं आणि आले. बाबांनी त्यांना मध्ये बसवलं, दोन्ही दारांचा आवाज सारखा यावा म्हणून. मी रेकॉर्डिंग लावलं. ठेच आली आणि गेली. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले, खटला जिंकलेल्या माणसासारखे.

काका म्हणाले, परत लाव. मग पुन्हा एकदा परत लाव. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि एक बोट वर धरलं.

"तुझा ड्रम सोड. त्याच्या बाजूला काय वाजतंय ते ऐक. तो जाड सूर. मास्तरांचा डावा हात."

मग मलाही ऐकू आलं. अकॉर्डियनचे खालचे सूर, जे इतकी वर्षं कुठल्याच यंत्रातून आले नव्हते. ठेच लागायच्या जरा आधी ते पुढच्या ओळीकडे वळत होते. चार ठोके आधी.

"मास्तर आधी वळले," काका म्हणाले. "मी त्यांच्या मागे वळलो. त्यांनीच शिकवलं होतं, माझ्या हाताकडे बघून वाजव."

"मला म्हणाले होते, कुणाकडे बघू नकोस, मोजत राहा," बाबा म्हणाले. "मी मोजत राहिलो."

मग काकांच्या पोटातून हसू निघालं. ते दाबायचा त्यांनी प्रयत्न केला, त्यामुळे सीट हलायला लागली. बाबा आधी रागाने बघत होते, मग त्यांनाही आवरेना. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "अरे, या चष्म्यासाठी मी दोन बस बदलतो." काकांनी तो त्यांच्या हातातून घेतला, उजेडात धरला आणि सांगितलं, "आणि नंबर चुकीचा आहे."

मास्तरांकडे जायचं कुणी सुचवलं ते आठवत नाही. बहुतेक दोघांनी एकदमच. मास्तर आता खूप थकलेत, लेकीकडे असतात, पहिल्या मजल्यावर. दोघांनी त्यांना दोन बाजूंनी धरून जिना उतरवला आणि सीटवर मध्ये बसवलं. मी खाली उतरले आणि खिडकीतून हात घालून रेकॉर्डिंग लावलं.

मास्तर मान खाली घालून ऐकत होते. ठेच गेली तसं बाबांनी आवाज कमी केला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी बाबाच बोलले, फार जपून. म्हणाले, मास्तर, तिथे तुमचा डावा हात जरा लवकर वळल्यासारखा वाटतो.

मास्तरांनी मान वर केली. "बँड कुणाचा होता?"

"तुमचा."

"मग मी वळलो म्हणजे तिथेच वळायचं होतं. तुम्ही दोघं कुठे होतात?"

काकांनी ओठ चावला. बाबा म्हणाले, बरोबर आहे मास्तर. मास्तरांनी पहिल्यापासून लावायला सांगितलं.

धून सुरू झाली. मास्तरांचा डावा हात गुडघ्यावर होता. त्याची बोटं हळूहळू हलायला लागली, एकेक करून जुनी बटणं दाबल्यासारखी. ती जागा जवळ आली. स्पीकरमधला अकॉर्डियन वळला, पण गुडघ्यावरचा हात वळला नाही. तो थांबला, ड्रमचे आणखी ठोके जाऊ दिले आणि मग, जिथे वळायचं होतं तिथे, बरोबर वळला.

ते मी पाहिलं, बाबांनी पाहिलं, काकांनीही पाहिलं. बाबांनी फक्त आवाज थोडा वाढवला.

वरून मास्तरांच्या लेकीने गॅलरीतून विचारलं, औषधाची वेळ झाली, येताय ना? मास्तरांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मी वर जाऊन तिला सांगितलं की वेळ लागेल. ती म्हणाली, गेले कित्येक महिने ते खालीच उतरले नव्हते. औषध आणि चहाचे कप ट्रेमध्ये घालून तिने माझ्या हातात दिले.

खाली आले तर तिघे खेटून बसलेले. मास्तर हात उडवून काहीतरी समजावत होते आणि दोघे शाळेतल्या पोरांसारखे माना डोलवत होते. त्यांचे कप मी खिडकीतून आत दिले. माझ्याच गाडीत मला जागा नव्हती. मी मागे चढले, मातीच्या गोणीवर बसले आणि चहा प्यायले. पाठीमागचा पत्रा ड्रमबरोबर हलकासा धडधडत होता.