चमच्यामागचा हात

“आधी नजर बघा, मग कात्री लावा! माणूस जिकडे बघतो, ते पुढच्या दृश्यात दिसलंच पाहिजे.” मास्तरांचा हा धडा अजून माझ्या चकतीत घुमतो.

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. व्हिडिओ एडिटिंगच्या एका छोट्या खोलीत माझी नऊ वर्षं गेली. लोकांचं चित्रीकरण आधी माझ्या पोटात यायचं, मग त्याची काटछाट व्हायची. “ही आपली तिजोरी,” असं मास्तर कौतुकाने म्हणत. एकदा टेबलावरून पडले आणि खटखट वाजू लागले. त्या दिवसापासून मी ‘डबडं’ झाले.

मग एक शिकाऊ बाई आली. पूर्वी शिवणकाम करायची. “कापड कापून कंटाळलात, म्हणून आता माणसं कापायला आलात का?” मास्तर चेष्टेने विचारत. ती खाली मान घालून बसे.

एके दिवशी दोन भाऊ आले. वडील वारून वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला पाहुण्यांना दाखवायला फिल्म हवी होती. घरी केलेलं त्यांचं सगळं चित्रीकरण मी खटखटतच पोटात घेतलं. अर्धांगवायूने खिळलेल्या त्या म्हाताऱ्याला या भावांच्या थोरल्या बहिणीने अकरा वर्षं भरवलं होतं. स्टोव्हच्या भडक्यात तिचा अर्धा चेहरा भाजला होता.

“ताईला काढा,” धाकटा भाऊ म्हणाला. “चार लोकांत ते तोंड कशाला?”

“पण सगळीकडे त्याच आहेत,” शिकाऊ बाई अडखळली.

“चित्र मोठं करा,” मास्तर म्हणाले. “चमचा राहू दे, हात जाऊ दे.”

तिने तसंच केलं. चमचा आपोआप म्हाताऱ्याच्या ओठांशी येऊ लागला. एका जागी मात्र घास गिळून तो मान वळवतो आणि सात सेकंद थोरलीकडे बघत राहतो. बोलता येत नव्हतं त्याला. काय ते डोळ्यांतच. तिथे तिने मास्तरांचाच धडा वापरला आणि पुढे धाकट्याचा हसरा चेहरा जोडला.

“वा! सांधा कळतसुद्धा नाही!” मास्तर म्हणाले. तिला मिळालेली ती पहिली शाबासकी.

फिल्म बघायला सगळं घर आलं. थोरली दाराशीच उभी राहिली.

“मामंजींचा यांच्यावर काय जीव होता!” धाकट्याची बायको डोळे पुसत म्हणाली.

“ते माझ्याकडे बघत होते रे,” थोरली हळूच म्हणाली.

“वन्सं, तुमचा चमचा ठेवलाय की!” भावजय म्हणाली. सगळे हसले. मास्तरसुद्धा.

जिन्यात थोरलीने शिकाऊ बाईला गाठलं. “बाई, ते बघणं कुठे उरलंय का हो?”

“आहे, ताई, जुन्या डिस्कमध्ये. रविवारच्या वर्षश्राद्धाआधी घरी आणून दाखवते. न कापलेलं.”

शनिवारी सकाळी मास्तरांनी हुकूम सोडला, “ते डबडं संध्याकाळी भंगारात द्या.”

मित्रांनो, भरवणारा हात पुसायला एक बटण पुरतं. म्हणून जुनं टाकण्याआधी त्यात कोण उरलंय ते पाहा. त्याची एक प्रत काढून ठेवा. मी आता फार तर एकदा फिरेन. ते सात सेकंद पुरे होईतो थांबू नये, एवढंच देवाजवळ मागणं.

“मास्तर, जेवून येते,” दुपारी शिकाऊ बाई म्हणाली. तिने मला टॉवेलात गुंडाळून शिवणाच्या पिशवीत ठेवलं. लेकीचा लॅपटॉप आधीच आत होता. जेवणाचा डबा टेबलावर तसाच राहिला. मला धक्का लागू नये म्हणून पिशवी छातीशी धरून ती एकेक पायरी उतरू लागली.