न मोडणारे स्टूल

माझ्या धाकट्या बहिणीच्या नाटकांना समीक्षक विसंगत म्हणतात, आणि या विशेषणाला माझा पहिल्यापासून विरोध आहे. तिच्या एका नाटकात दोन भाऊ घराची वाटणी करतात. भांडी वाटली जातात, कपाटे वाटली जातात, आणि शेवटी उरलेल्या आईचीही सारखी वाटणी व्हावी म्हणून करवत मागवली जाते. आई मात्र करवतीच्या पात्यावरून बोट फिरवते आणि एवढी बोथट करवत घरात ठेवल्याबद्दल दोघांना झापते. दुसऱ्या एका नाटकात वडिलांच्या शोकसभेला वडील स्वतः हजर असतात आणि प्रत्येक भाषणातील तपशिलाच्या चुका दुरुस्त करत राहतात. त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही, कारण ते जिवंत असतानाही कोणी देत नसे. प्रेक्षक हसून हसून बेजार होतात आणि बाहेर पडताना एकमेकांची नजर टाळतात. यात विसंगत काय आहे? जे घराघरांत घडते तेच थोडे पुढे ढकलले आहे, इतकेच. माझी वाचनाची आवड जुन्या, बांधेसूद गद्याची; धाकटीची पात्रे वाक्य अर्ध्यावर टाकून चालू लागतात याचा मला आजही त्रास होतो. पण रचनेची जी शिस्त मी जुन्या गद्यात शोधतो ती मला तिच्या नाटकांत सापडते, हे कबूल न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

शिवाय ती ज्या घरात वाढली ते घर मला ठाऊक आहे, कारण मीही त्याच घरात वाढलो.

आमचे आईबाबा एकमेकांशी बोलत नसत. भांडणाचे कारण आईच्या मते स्वयंपाकघराची खिडकी होते आणि बाबांच्या मते मावशी. दोघांनीही आपापले कारण कधी सोडले नाही. मात्र संसार थांबला नव्हता. आई मला सांगे, "यांना म्हणावं, जेवायला बसा," आणि बाबा समोरच्याच खुर्चीतून मला सांगत, "तिला म्हणावं, आलोच." दोघांनाही दोघांचे सगळे ऐकू येई, तरीही मी ते पुन्हा म्हटल्याशिवाय कोणी जागचे हलत नसे. माझे लग्न होऊन मी दुसऱ्या घरी राहायला गेलो आणि हे काम धाकटीकडे आले. तेव्हापासून ती ते बिनतक्रार करत होती, आणि उरलेल्या वेळात नाटके लिहून बसवत होती.

अशात तिला दूरच्या एका शहरातून बोलावणे आले. तिथल्या नाट्यगृहाला वर्षभरासाठी दिग्दर्शक हवा होता, आणि त्यांनी तिची नाटके पाहिली होती. असे बोलावणे दुसऱ्यांदा येत नाही. नव्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी तिने होकार किंवा नकार कळवायचा होता.

"नाहीच म्हणणार आहे मी," ती मला म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"दादा, मी गेले तर जेवायला बसा हे कोण कुणाला सांगणार? दोघं उपाशी मरतील, आणि पहिलं कोण मेलं हेसुद्धा दुसऱ्याला कळणार नाही. सांगायला कोणी नको का?"

मी हसलो. ती हसली नाही. ती म्हणाली, "तू हसलास ना, तिथेच पहिला अंक संपतो."

नव्या नाटकात हेच होते. एक नवराबायको वर्षानुवर्षे अबोला धरून आहेत आणि त्यांनी एका स्टुलाला मुलगा मानले आहे. "बाळा, यांना सांग, पंखा बंद करा." स्टूल गप्प राहते; नवरा पंखा बंद करतो. स्टुलाचे वाढदिवस होतात, स्टुलाला परीक्षेत कमी गुण मिळाल्याबद्दल दोघे त्याला बोलतात, स्टुलासाठी स्थळही पाहिले जाते आणि मुलीकडच्यांना ते पसंत पडते. शेवटच्या अंकात थकलेली बायको प्रथमच मुलावर बसते. मुलगा तिच्याखाली कोसळतो. मग नवराबायकोच्या मध्ये काहीच उरत नाही, दोघे एकमेकांकडे पाहत राहतात आणि पडदा पडतो.

नाटकातील सामान नेहमीप्रमाणे बाबांनी करायचे होते. बाबा सुतार. धाकटीच्या प्रत्येक नाटकाच्या खुर्च्या, दारे, पलंग त्यांनीच केले होते, पण नाटक एकही पाहिले नव्हते. दुपारी रिकाम्या नाट्यगृहात येऊन ते आपले लाकूड पाहून जात. स्टुलाचे काम तिने त्यांना समजावून दिले: एका पायाला गोंद लावायचा नाही, नुसती खुंटी ठेवायची, खुंटीला काळी दोरी बांधायची. विंगेतून दोरी ओढली की खुंटी सुटेल आणि पाय निसटेल.

"म्हणजे मोडकं स्टूल," बाबा म्हणाले.

"मोडणारं, बाबा. मोडकं नाही."

"हं," बाबा म्हणाले. आमच्या घरात या उद्गाराला होकार समजण्याची पद्धत होती.

तालमी एका जुन्या डुगडुगत्या स्टुलावर झाल्या. नवे स्टूल बाबांनी प्रयोगाच्याच दिवशी आणून दिले, दोरीसकट. धाकटीने ते फिरवून पाहिले आणि मला म्हणाली, "बघ, काय सुंदर केलंय!" ते खरोखरच सुंदर होते. मोडण्यासाठी केलेल्या वस्तूच्या कडा इतक्या मन लावून कोणी घासत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

आईबाबांना तिने या वेळी हट्टाने बोलावले. तिची भीती मला दिसत होती: ते ओळखतील, उठून जातील, आणि ज्या घरासाठी ती नकार कळवणार होती त्याच घरात तिला जागा उरणार नाही. मी सवयीने दोघांच्या मध्ये बसलो.

"यांना सांग, खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या," आई म्हणाली.

"तिला सांग, खोकला विचारून येत नाही," बाबा म्हणाले.

मी दोन्ही निरोप पोचवले. समोर रंगमंचावर तेच चालले होते. नाट्यगृह हसत होते. आई हसत नव्हती, बाबा फक्त स्टुलाकडे पाहत होते. स्टुलाच्या लग्नाच्या प्रवेशात मात्र आईचा खांदा हलला. मी पाहिले, ती तोंडावर पदर दाबून हसत होती.

शेवटचा अंक आला. बायको झालेली नटी दमून स्टुलावर बसली. आमच्या जागेवरून दिसणाऱ्या विंगेत धाकटीने दोरी ओढली. दोरी सबंध तिच्या हातात आली, आणि स्टूल जागचे हलले नाही. नटी बसल्या बसल्या जरा उसळली. काही नाही. नवरा झालेल्या नटाने जवळ येऊन पायाला हळूच लाथ मारली, मग जोरात मारली, मग तोही तिच्याशेजारी चढून बसला. स्टुलाने दोघांना बिनबोभाट पेलले. प्रेक्षक हसून खुर्च्यांत लोळू लागले.

बाबा उभे राहिले.

"अहो, लाथा काय मारताय? नाही मोडायचं ते. चारी पायांना गोंद लावलाय."

मी त्यांचा हात धरून खाली ओढत होतो, तेवढ्यात आई उठली. माझ्याकरवी सांगण्याइतकाही वेळ तिने घालवला नाही. माझ्या डोक्यावरून ती सरळ म्हणाली, "तुम्हाला पोरीने मोडणारं सांगितलं होतं ना?"

बाबा तिच्याकडे वळले. "सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय? बाई बसणार होती त्याच्यावर. दणकन आपटली असती."

"आपटू दे की! नाटक आहे ते!"

"कंबर नाटकातली असते का?"

"वा! परक्या बाईच्या कंबरेचा केवढा कळवळा! माझी धरली होती तेव्हा कुठे होतात?"

"तिथेच होतो. चौकशी केली होती मी. याच्याकरवी."

"याच्याकरवी!" आईने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच ते स्टूल आहे. "नवऱ्याने बायकोच्या कंबरेची चौकशी पोराकरवी करायची? तोंडाला काय झालं होतं तुमच्या?"

"तू उत्तर दिलं असतंस?"

"नसतं दिलं. पण तुम्ही विचारायचं होतं!"

आता मी ज्या गोष्टीसाठी हे लिहितो आहे तिच्याकडे येतो. रंगमंचावरचे नट गांगरून विंगेकडे पाहत होते. पडदा पाडणाऱ्याचा हात दोरखंडावर होता. दुसऱ्या कोणत्याही नाटककाराने आपला शेवट वाचवायला पडदा पाडला असता, किंवा नटांना पुढचे वाक्य सुचवले असते. धाकटीने पडदेवाल्याचे मनगट धरले आणि नटांकडे पाहून ओठांवर बोट ठेवले. तिने स्वतःचे नाटक थांबवले आणि दुसऱ्याचे पुढे जाऊ दिले. नट शहाणे होते; स्टुलावर पाठीला पाठ लावून दोघे मुकाट्याने ऐकत बसले. स्वतःच्या शब्दांपेक्षा चांगले काही समोर घडत आहे हे ओळखणे, आणि ओळखून गप्प बसणे, याहून मोठे कसब मी कोणत्याही लेखकात पाहिलेले नाही.

खिडकीचा विषय निघाला. मावशीचा निघाला. मग आईला भोवतालचे भान आले.

"चला घरी," ती बाबांना म्हणाली. "लोक बघतायत."

"शेवट व्हायचाय ना अजून?"

"मोडेना तर शेवट कसला होणार? चला!"

दोघे मधल्या वाटेने भांडत बाहेर गेले. दार लोटल्यावरही आवाज येत राहिले, आणि ते विरल्यावर धाकटीने पडदेवाल्याचे मनगट सोडले. टाळ्या थांबेनात. प्रेक्षकांत नट पेरण्याची युक्ती जुनीच असली तरी या म्हाताऱ्या जोडप्याने कमाल केली, असे एका समीक्षकाने मला बाहेर थांबवून सांगितले. मी त्याच्याशी वाद घालायला सुरुवातही केली होती, पण धाकटीने मला ओढून नेले.

दुसऱ्या प्रयोगासाठी तिने बाजारातून स्टूल आणले. ते पहिल्याच अंकात मोडले.

होकार की नकार, हे कळवायचे होते ते पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी, आणि आदल्या रात्री मी आईबाबांकडेच मुक्कामाला राहिलो होतो. त्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि दोघांनाही ऐकू जाईल असे म्हणाली, "मी वर्षभर जाऊ का?"

बाबांनी तोंड उघडले, सवयीने माझ्याकडे पाहिले, आणि थांबले. मग ते आईकडे वळले. "हिला जाऊ द्यायचं का?"

"मला काय विचारता?"

"मग कुणाला विचारू?"

आईने पुष्कळ विचार केला. दुसरे कोणी तिला आठवले नसावे. "जाऊ दे," ती म्हणाली. "पण जाताना हिला तेवढं चांगलं स्टूल द्या. नाहीतर ही बाजारातलं घेईल आणि पडेल."

"पडेल तर पडेल, नाटक आहे ना ते?" बाबा म्हणाले, आणि तेथून दोघांची जी जुंपली ती धाकटी निघायच्या दिवसापर्यंत चालू होती. पेटीत काय ठेवायचे, पेटी कोणी उचलायची, स्थानकावर किती आधी पोचायचे. गाडीत ती खिडकीशी बसली. फलाटावर बाबा म्हणत होते की पाण्याची बाटली आई विसरली. आई म्हणत होती की बाटली बाबांच्याच हातात आहे, आणि ती खरोखरच होती. गाडी हलली तरी दोघांपैकी एकानेही वर पाहिले नाही. हात हलवायचे त्यांच्याकडून राहूनच गेले.

मी मात्र पाहिले. धाकटीही हात हलवत नव्हती. खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून ती त्यांचे भांडण ऐकत होती, आणि तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.