भट्टीवरची कॉइल

रक्ताचं नातं तुटत नाही. डेल्मर आणि रॉस्को या सख्ख्या भावांचं मात्र जुलैतल्या एका शनिवारी, ओहायोतल्या तळघरात, सव्वादोनच्या सुमारास तुटलं.

घर तापवणाऱ्या भट्टीच्या डोक्यावर एसीची कॉइल रॉस्कोने तीन वर्षांपूर्वी बसवली होती. आता घर गार होत नव्हतं. दमेकरी लोरेटाने नवऱ्याला, म्हणजे डेल्मरला, सांगून टाकलं होतं की आज दुरुस्त झालं नाही तर ती कायमची बहिणीकडे जाईल.

रॉस्कोने पत्रा काढला. कॉइलवर बर्फाचा ठोकळा साचला होता.

"गॅस गळतोय. तुझं कामच कच्चं," डेल्मर म्हणाला.

"माझी कॉइल तुझ्या संसारापेक्षा जास्त टिकेल, दादा."

डेल्मरने पाइपपान्हा हाणला. रॉस्कोचं मनगट मोडलं. त्याने उरलेल्या हाताने दादाचं डोकं भट्टीवर दोनदा आपटलं, कारण पहिल्यांदा नीट लागलं नव्हतं. कॉइलखालच्या, पाणी निथळायच्या तबकात डेल्मरचे दोन दात पडले. मग डेल्मरने भावाच्या कानाचा उरल्या दातांनी चावा घेतला.

लोरेटा बॅग घेऊन खाली आली. दोघांना ओलांडून तिने भट्टीच्या खाचेतला फिल्टर ओढला. त्यावर गोधडीएवढी धूळ होती. बदलल्याची तारीख डेल्मर नेहमी फिल्टरच्या कडेला लिहायचा. ही तीन वर्षांपूर्वीची होती.

"कॉइलपर्यंत हवाच जात नव्हती, म्हणून बर्फ," ती म्हणाली आणि बहिणीकडे गेली.

नव्या फिल्टरांचा खोका भट्टीशेजारच्या फळीवरच होता.