गिरजाबाईच्या पायातली साखळी

मी लोखंडाची एक जुनी साखळी आहे. सिहोऱ्याच्या लोहाराने मला बैलांसाठी घडवले. टेकचंद नावाच्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याने मला विकत घेतले. त्याच्या गोठ्यात मी काही वर्षे काम केले. "साखळी मजबूत आहे," असे लोक म्हणत.

१९७७ साली टेकचंदचे तान्हे बाळ तापाने गेले. त्याची बायको गिरजाबाई जेवेना, झोपेना. एकटीच बोलू लागली, तलावाकडे निघून जाऊ लागली. भगताचे उतारे झाले. शेवटी टेकचंदने मला कुलूप लावून तिच्या पायात अडकवले आणि दुसरे टोक गोठ्याच्या खांबाला बांधले. मित्रांनो, तो दुष्ट नव्हता, भ्याला होता. तिला घास तोच भरवायचा, पण कुलूप काढत नसे. माझ्या कड्यांनी तिच्या घोट्याला जखम झाली.

दोन वर्षांनी गावात सरकारी दवाखान्याचे शिबिर आले. गिरजाबाईबद्दल ऐकून शिबिरातल्या डॉक्टरीणबाई गोठ्यात आल्या. टेकचंद सांगू लागताच त्यांनी त्याला थांबवले आणि त्या गिरजाबाईसमोर जमिनीवर बसल्या.

"बाई, तुम्हीच सांगा. काय होतं तुम्हाला?"

तिने माझ्याकडे बोट दाखवले. "पयले हे काढा. मंग सांगतो."

"सोडली तं तलावात जीव देते थे!" टेकचंद म्हणाला.

"मी मराले नोहोतो जात. माह्या लेकराले तलावाच्या पारीवर पुरलं. त्याच्याजवळ बसाले जात होतो. मले कोनी इचारलंच नाही."

टेकचंद खाली वाकला. त्याने कुलूप काढले.

डॉक्टरीणबाईंनी सुई काढली, तेव्हा गिरजाबाईने हात मागे घेतला. "कायची आहे थे सांगा आंधी." त्यांनी नीट समजावले. तिने सुई नको म्हटले, गोळ्या घेतल्या. पुढे टेकचंद तिच्याबरोबर पारीवर, तलावाच्या बांधावर, जाऊन बसू लागला. ती हळूहळू सावरली. मधे वाईट महिनेही आले, पण तिला पुन्हा कोणी बांधले नाही. मी खुंटीवर गंजत राहिले.

१९८४ मध्ये शेजारचा मंगरू आला. "वयनी, साखळी द्या. माहा भाऊ येड्यावानी गावभर पळून राहिला."

"साखळी नाही देत," गिरजाबाईने पायात चपला घातल्या. "चाल, मी येतो. त्याच्यासंगं बोलतो."

मंगरू घुटमळला, मग तिच्या मागे निघाला.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचे मन आजारी पडले तर माझ्यासारखीला शोधू नका. त्या माणसाजवळ बसा आणि त्याचे म्हणणे ऐका.