छोटीच तर गाडी

गाडी घेतली तेव्हा घरादाराने एकच पालुपद लावलं होतं. नवरा म्हणाला, छोटी आहे, कुठेही लागेल. दीर म्हणाला, छोटी आहे, पेट्रोल कमी पिईल. शेजारच्या काकू म्हणाल्या, छोटी आहे, बायकांना बरी. जिच्या हातात किल्ली पडली ती तेवढी गप्प होती. पडदे शिवणाऱ्या बाईचं सामान छोटं नसतं, हे तिला तेव्हाच कळत होतं. खिडक्या काही गाडीकडे बघून कुणी बांधत नाही.

तीन वर्षं झाली त्याला. नवरा कामावर बसने जायचा, पार्किंगची कटकट नको म्हणून, आणि गाडीबद्दल अजूनही कौतुकाने बोलायचा. न चालवणाऱ्याला कौतुक परवडतं. चालवणारीला माहीत होतं की काच खाली आपण होऊन जाते, पण वर आणायला दोन्ही तळवे लावून तिची समजूत काढावी लागते. डिकीच्या झाकणाचे दांडे कधीच थकले होते, त्यामुळे ते झाकण मोडक्या झाडूच्या काठीने तोलून धरावं लागायचं. खालून कुठून तरी खुळखुळ आवाज यायचा. त्यावर मेकॅनिकचं म्हणणं असं, "आवाज येतोय तोवर काळजी नाही. बंद झाला की आणा."

त्या बुधवारी गाडीत काय काय मावायचं होतं बघा. एका पाळणाघराचे आठ पडदे, जाड अस्तराचे, चुण्या इस्त्रीने बसवलेले. चार रॉड, प्रत्येकी आठ फूट. ड्रिल, घडीची शिडी, ब्रॅकेटचा डबा. आणि सासूबाई.

सासूबाईंची डोळ्यांच्या डॉक्टरांकडे साडेदहाची वेळ होती. नवऱ्याने आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं, "वाटेतच तर आहे. आईला तिकडे दाखव आणि मग जा तुझ्या कामाला." वाटेत नव्हतं. पण पाळणाघराच्या बाईंना मुलं झोपायच्या आत, म्हणजे दीडच्या आत, पडदे हवे होते. नव्या जागेत दुपारचं ऊन थेट मुलांच्या तोंडावर यायचं. आठवडाभर एकही पोर झोपलं नव्हतं आणि बाई फोनवर रडायच्या बेतात होत्या. साडेदहा ते दीड म्हणजे वेळ भरपूर, असा तिने हिशेब केला आणि कामाला लागली.

रॉड काही मावेनात. मागची अर्धी सीट पाडली, तिरके घातले, पुढच्या दोन सीटांच्या मधून थेट समोरच्या काचेपर्यंत नेऊन टेकवले, तरी मागे वीतभर बाहेर राहिले. शेवटी डिकीचं झाकण दोरीने बांधलं. झाकण नीट लागलं नाही हे गाडीला समजलं आणि तिने टिंग टिंग सुरू केलं.

"हे वाजतच राहणार?" सासूबाईंनी रॉडला कोपर लागू नये म्हणून हात पोटाशी धरत विचारलं.

"हो आई. दार उघडंय असं सांगतेय ती."

"आपल्याला माहितेय की."

"तिला कुठे माहितेय आपल्याला माहितेय ते."

सासूबाईंनी छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली होती. रस्त्यावरची एक पाटी त्यांच्या तावडीतून सुटत नसे. "'शुद्ध'चा 'शु' दीर्घ काढलाय मेल्याने," असं त्या अधूनमधून पुटपुटत होत्या. इकडे सुनेची बोटं दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकताना दर वेळी रॉडवर आपटत होती. टिंग टिंग, खुळखुळ आणि ऱ्हस्व-दीर्घ, अशा साथीने ती वरात दवाखान्याच्या आवारात पोहोचली.

आवारात दोनच जागा रिकाम्या होत्या, खांबाला लागून. तिने सासूबाईंना आधी उतरवलं आणि गाडी खांबाला इतकी चिकटवून लावली की डावीकडचं दार उघडायची सोय राहिली नाही. उजवीकडे मात्र ऐसपैस जागा सोडली, दुसऱ्या कुणाची तरी गाडी बसावी म्हणून. हा तिचा स्वभाव. याच स्वभावाने पुढे तिचा घात केला.

डॉक्टर अकरा वाजून गेले तरी आलेच नव्हते. मग आले ते घाईघाईत, कुणाकडे न बघता आत शिरले. सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवलं, मग तपासलं. बाहेर पडायला सव्वाबारा झाले. सासूबाईंच्या नाकावर पुठ्ठ्याचा काळा चष्मा होता. उजेडात पाऊल टाकताच त्यांनी सुनेचा दंड गच्च धरला. "मला सगळं धुऊन काढल्यासारखं दिसतंय गं. जवळचं तर काहीच लागत नाही."

गाडीजवळ येऊन सून जागच्या जागी थबकली.

उजवीकडे एक काळी गाडी उभी होती. गाडी कसली, चाकांवरची खोली. पांढरी रेघ ओलांडून, तिरकी, इतकी जवळ की दोन आरसे एकमेकांच्या कानात कुजबुजत असावेत. दार चार बोटं उघडलं आणि अडलं. डावीकडे खांब होताच.

"काय झालं?"

"काही नाही आई. एका मोठ्या माणसाला वाटलं, शेजारची छोटी आहे, तिला कितीशी जागा लागते."

तिने घड्याळ पाहिलं. मालकाला शोधत बसायला वेळ नव्हता. ती मागे गेली, दोरी सोडली, झाकण काठीवर तोललं, चपला काढून हातात घेतल्या आणि डिकीतून आत घुसली. कालची सबंध संध्याकाळ घालवून बसवलेल्या चुण्यांवरून ती गुडघे टेकत निघाली. एक चुणी मोडली की तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडायचा, आणि सासूबाई ऐकू न आल्यासारखं करायच्या. शिडीचा पाय बरगडीत बसला. सीटच्या पाठीवरून उतरताना कोपराने हॉर्न वाजला आणि आवारातली सगळी कबुतरं उडाली. पण बसली एकदाची स्टिअरिंगमागे.

आणि मग तिने मागच्या आरशात पाहिलं. मघाशी घाईत जिला नुसता वळसा घालून ती आली होती, ती काळ्या गाडीची शेपटी तिच्या गाडीच्या मागेच आडवी आली होती. पुढे भिंत. किती का छोटी असेना, बाहेर पडायला उडावंच लागलं असतं. त्याच क्षणी काठी निसटली, झाकण धाडकन रॉडांवर आपटलं आणि काठी घरंगळत गाडीखाली गेली.

"आई! झाकण उचलता येईल का जरा?"

सासूबाईंनी चाचपून पाहिलं. "मला काठीच दिसत नाहीये. तू आत ठीक आहेस ना?"

"आत एकदम ठीक आहे. बाहेर येता येत नाही, एवढंच."

घामाने तिचं अंग भिजलं. काच खाली केली, म्हणजे ती आता वर येणार नव्हती. पाळणाघराच्या बाईंचा फोन आला. "निघालात का?" तिने सांगितलं, "गाडीतच बसलेय." ते खरंही होतं. मग नवऱ्याचा आला. गाडी अडकलीय हे ऐकून तो म्हणाला, "अगं, जरा पुढे-मागे करून काढ ना, छोटीच तर आहे." तिने फोन कट केला, नाहीतर जे तोंडात आलं होतं ते सासूबाईंना ऐकून न ऐकल्यासारखं करता आलं नसतं.

सासूबाई एव्हाना काळ्या गाडीच्या मागे वाकल्या होत्या. नंबर वाचायचा होता, पण थेंबांनी अक्षरं पुसून टाकली होती. मग त्यांनी पाटीवर बोटं ठेवली आणि उठावाच्या अक्षरांवरून सावकाश फिरवली. कधी काळी छपाईच्या खिळ्यांची उलटी अक्षरं चाचपून ओळखलेली ती बोटं होती. एकेक आकडा मोठ्याने म्हणत, भिंतीला हात लावत लावत त्या दवाखान्यात शिरल्या.

पाच मिनिटांनी बाहेर आल्या. बरोबर पांढऱ्या कोटातले डॉक्टर होते. त्यांची बाही सासूबाईंच्या मुठीत होती. आधारासाठी धरली असेल असं कुणाला वाटलं असतं. सुनेला तसं वाटलं नाही.

"आजी, पेशंट थांबलेत माझे. आणि तुमची गाडी छोटी आहे हो, आरामात निघेल."

"डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या, "इथे उभे राहा. हं. समोर बघा. खाली काय दिसतंय?"

"अहो, काय…"

"मघाशी मी उत्तरं दिली ना तुमच्या प्रश्नांना? कुरकुर न करता? खाली काय दिसतंय?"

"रेघ."

"रंग?"

"पांढरा."

"तुमच्या गाडीच्या कुठल्या बाजूला आहे?"

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "बाजूला नाही. खाली आहे. पोटाखाली."

"म्हणजे दिसते तुम्हाला. मला आपली काळजी वाटली. आता आत बघा. ती माझी सून. तासाभरात तीस मुलांना झोपवायचंय तिला, आणि ती डिकीतून सरपटत जाऊन बसलीय."

डॉक्टरांनी खिडकीतून आत पाहिलं. सुनेने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून नमस्कारासारखं काहीतरी केलं. त्यांचे कान लाल झाले. "माझ्या जागेवर कुणीतरी गाडी लावली होती," ते पुटपुटले आणि किल्ली काढली.

त्यांनी गाडी थोडीशी मागे घेतली.

"आता बरं दिसतंय की मघाशी दिसत होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हाला तर काहीच दिसत नाहीये आजी."

"तुम्हाला विचारतेय मी."

त्यांनी गाडी पार आवाराच्या फाटकापर्यंत नेली. परत येऊन गाडीखालून काठी काढून दिली, झाकण स्वतः दोरीने बांधलं, आणि गाठ मारताना झाकणाच्या कडेचं ग्रीस कोटाला लागलं. सून सॉरी म्हणणार होती, पण म्हणाली नाही. तीन वर्षांत गाडीने तिला जेवढं ग्रीस लावलं होतं, त्यातलं एवढंसं दुसऱ्याकडे गेलेलं तिला चालणार होतं.

रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "आई, तुम्ही कमाल केलीत."

"मला एकतीस वर्षं कुणी ना कुणी सांगत आलं, एवढीशी तर चूक आहे, जाऊ द्या," सासूबाई म्हणाल्या. "तू पण फार सोडतेस हो. जागा सोडतेस, वेळ सोडतेस. कशाला?"

सुनेने तिसरा गिअर टाकला, बोटं रॉडवर आपटली.

पाळणाघरात पोहोचायला एकला दहा कमी. पाळणाघराच्या बाई दारातच उभ्या होत्या, एक मूल कडेवर, दुसरं पायाला. बोलायला वेळ नव्हता. शिडी लागली, ड्रिल फिरलं. बाईंनी रॉड धरले. सासूबाईंना काही दिसत नव्हतं, तरी त्या खाली बसून पडद्यांच्या कड्या बोटांनी मोजून हातात देत राहिल्या. शेवटचा पडदा सरकला तेव्हा एक पंचवीस झाले होते. खोलीत एकदम गार, निळसर अंधार पसरला. चुण्या जिथे तिथे मोडलेल्या होत्या आणि ते तिच्याशिवाय कुणाच्याही लक्षात आलं नाही. मुलं एकामागून एक गादीवर कलंडली. सासूबाईंनी काळा चष्मा काढला, "अहाहा, काय बरं वाटलं डोळ्यांना" म्हणाल्या, आणि भिंतीकडेच्या एका मोकळ्या गादीवर पाय पोटाशी घेऊन आडव्या झाल्या. दोन मिनिटांत घोरूही लागल्या. पाळणाघराच्या बाईंनी त्यांच्या अंगावर सशांची चित्रं असलेली चादर घातली.

सुनेला चहा मिळाला, नुसता चहा, बसून, गरम असताना प्यायलेला. तीन वाजता तिने सासूबाईंना उठवलं आणि दोघी बाहेर आल्या.

डिकी सताड उघडी होती. घाईत रॉड काढले आणि झाकण तसंच काठीवर राहिलं होतं. आतला दिवा दोन तास जळून जळून आता विझायला आला होता. तिने किल्ली फिरवली. गाडीने एक उसासा सोडला. पुन्हा फिरवली. या वेळी तोही नाही.

मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "बॅटरी बसली. छोटी गाडी आहे, ढकला ना दोघी जणी."

आता मात्र तिचा बांध फुटला. भर रस्त्यात, हळू आवाजात, कारण आत मुलं झोपली होती, तिने त्या मेकॅनिकला तीन वर्षांचं सगळं सांगितलं. काच सांगितली, झाकण सांगितलं, खुळखुळ सांगितली, आणि "छोटी आहे" हे दोन शब्द पुन्हा उच्चारलेस तर काय होईल तेही सांगितलं. मग तो म्हणाला, "ताई, येतो मी संध्याकाळी."

"मी नसेन. माझा नवरा असेल."

मग नवऱ्याला फोन केला. "किल्ली पाळणाघराच्या बाईंकडे ठेवलीय. ऑफिस सुटल्यावर ये आणि तुझी गाडी घेऊन जा."

"माझी? अगं पण मला बस…"

"इथूनही बस आहे. आणि उद्यापासून रॉड टेम्पोने जातील. मी सांगून ठेवतेय टेम्पोवाल्याला."

तो "पण" म्हणाला आणि तिने तो "पण" तसाच अर्धवट राहू दिला.

टॅक्सी मिळाली. मागच्या सीटवर दोघी ऐसपैस बसल्या. काही वाजत नव्हतं, कोपराला काही लागत नव्हतं. सासूबाईंची नजर परत येऊ लागली होती. त्या काचेला नाक लावून लांबची एक पाटी वाचायचा प्रयत्न करत होत्या. पुढे एक बस अचानक थांबली, तसा सुनेचा उजवा पाय जोरात खाली दाबला गेला.

टॅक्सीवाला आरशातून हसला. "तुम्ही गाडी चालवता वाटतं?"

"सकाळपर्यंत चालवत होते," ती म्हणाली, आणि पाय उचलून सैल सोडला.