चाकं लागलेल्या खुर्चीची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. या, बसा, पण फार वेळ नको. असं सांगणारी खुर्ची तुम्ही पाहिली नसेल. माझ्यावर बसून एका भल्या माणसाचं काय झालं ते ऐकलंत, तर तुम्ही आपणहून उठून उभे राहाल.

सुताराने मला घडवलं तेव्हा मी चांगलीच टणक होते. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला दुकानात आणलं. स्प्रिंगांचं कपाट एका भिंतीला, काचांचं दुसरीला. काका दिवसातून पन्नास वेळा उठायचे, दुपारी चालत घरी जेवायला जायचे. अंगाने सडपातळ, तोंडाने सारखी शीळ. गिऱ्हाईक म्हणायचं, "जुनं झालंय हो घड्याळ, मागे पडणारच." त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असे, "उघडून बघितल्याशिवाय मी काही बोलत नसतो."

मग त्यांच्या पाठीला आराम म्हणून मला जाड गादी मिळाली आणि पायांना चाकं लागली. मी हरखून गेले. येणारा-जाणारा माझं कौतुक करी. काका बसल्या बसल्या एका कपाटाकडून दुसऱ्याकडे सरकू लागले. उठणं संपलं. जेवायला घरी जाणंही संपलं. काकू डबा देत, त्यातली भाजी तशीच परत जाई. खणातली बिस्किटं, तळलेली पाकिटं आणि गोड पेयाच्या बाटल्या मात्र उरत नसत. काकांचं पोट सुटलं, शीळ बंद झाली. मला वाटलं, किती सुखात बसलेत! केवढी मूर्ख मी.

काही वर्षांनी काका पुन्हा उठू लागले. मला आनंद झाला. पण ते कपाटाकडे जात नव्हते, मागच्या टॉयलेटकडे जात होते. आधी तासातून एकदा, मग अर्ध्या तासाने. परत येऊन टेकतात न टेकतात तोच चुळबुळ सुरू. शेजारचा शिंपी हसायचा, "काय काका, नळ गळतोय वाटतं?" काकाही हसायचे. त्यांच्या मांड्यांची थरथर मलाच कळायची.

काकू म्हणाल्या, "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवून या ना."

"अगं, वय झालं. या वयात असं व्हायचंच."

उघडून न बघता काका पहिल्यांदाच काही बोलले होते.

उघडं घड्याळ टाकून उठायचं नाही, हा त्यांचा नियम. तो मोडू नये म्हणून त्यांनी भलताच उपाय काढला. पाणी पिणंच जवळजवळ सोडलं, आणि लघवी लागली तरी दाबून धरू लागले. मला त्या दिवसांत फार भीती वाटायची.

एका सकाळी ते तीनदा मागे जाऊन तसेच परतले. चौथ्यांदा माझे हात धरून कळवळले. लघवी पूर्ण अडली होती. शिंप्यानेच त्यांना दवाखान्यात नेलं.

नंतर काकू शिंप्याला सांगत होत्या, "मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते म्हणे, ती फुगलीय. डॉक्टर म्हणाले, वयाने होतंच थोडंफार. पण पोटावरची चरबी हार्मोन्सचा तोल बिघडवते, त्यात नुसतं बसून राहणं. रोज चालले असते, नीट खाल्लं असतं, तर कदाचित इतकं वाढलं नसतं. तपासताना एक कडक गाठही हाताला लागलीय. कॅन्सर आहे का, ते रिपोर्टमध्ये कळेल."

तो रिपोर्ट आज येणार. काका सकाळपासून माझ्यावर बसलेत. समोर एकही घड्याळ नाही. आता त्यांना उठावंही लागत नाही. दवाखान्यात लावलेल्या लघवीच्या नळीची पिशवी माझ्याच पायाला टांगली आहे.

आत्ताच काकू आल्या. लिफाफा पदराखाली धरलेला.

"काय आलं?" काकांनी विचारलं.

काकूंनी आधी शटर अर्धं खाली ओढलं. "उठा, घरी चला. सांगते."

मित्रांनो, तुमचे बाबा, आजोबा सारखे टॉयलेटला उठत असतील तर हसू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या. आणि त्याच्याही आधी, ते ठणठणीत असतानाच, हात धरून रोज फिरायला न्या. तुमच्याही घरात माझ्या बहिणी आहेत, मऊ आणि प्रेमळ. त्या कुणालाही कधीच 'ऊठ' म्हणणार नाहीत.