मेजापाशी टॉर्किलची जागा

माझा नवरा टॉर्किल हट्टी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचं लग्न झालं त्याच वर्षी मी प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये प्रभूच्या मेजाशी भाकर नि द्राक्षारस घ्यायला, बसायला लागले, आणि तो चर्चच्या शेवटच्या बाकावर बसून राहिला. पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, हा तिथंच. उत्तरेच्या समुद्रातल्या आमच्या या लुईस बेटावर अशी माणसं घरोघर सापडतील. दारू नाही, शिवी नाही, घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, पण मेजाशी या म्हटलं की पाय मागे. कारण विचारलं तर म्हणतात, आपण देवाचे आहोत याची अजून खात्री पटली नाही. खात्रीवाचून ती भाकर हातात घेणं म्हणजे देवाशी खोटं बोलणं, असं लहानपणापासून आमच्या हाडीमाशी भिनलंय.

"खात्री काय पोस्टानं येणार आहे का?" मी त्याला विचारायची.

"तुला आली ना? मग माझीही येईल," असं म्हणून तो हातमागावर जाऊन बसायचा. मागाची खटखट सुरू झाली की विषय संपला. मी इकडे भांडी आपटायची.

मग त्याचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं. कुठला धागा घ्यायचा ते कळेना, तेव्हा त्यानं स्वतःच मागाच्या खोलीचं दार कायमचं बंद केलं. एकदा आपल्या थोरल्या मुलीलाच त्यानं विचारलं, "कुणाची गं तू?" ती बिचारी हसली आणि स्वयंपाकघरात येऊन रडली. मी रडले नाही, मी चिडले. खरं सांगते, देवावर चिडले. हा माणूस जन्मभर तुझी वाट बघत बसला आणि तू खात्री द्यायची सोडून, त्याच्यापाशी होतं तेही काढून घेतोस? हा कुठला न्याय?

मार्चचं प्रभुभोजन जवळ आलं. आमच्याकडे ते गुरुवारी सुरू होतं ते सोमवारपर्यंत चालतं, घर पाहुण्यांनी भरून जातं. आदल्या दिवशी मी मटणाचं सूप ढवळत होते, तेवढ्यात टॉर्किल पाठीशी येऊन उभा राहिला.

"मर्डिना, या खेपेला मी पुढे जाणार."

"कुठं पुढे?"

"मेजाशी. आणखी थांबलो तर कुणासाठी थांबलोय तेच विसरेन."

जन्मभर जे ऐकायला कान आसुसले होते ते ऐकलं, आणि मला धास्ती पडली ती शनिवारची. कारण रविवारी मेजाशी बसायचं तर शनिवारी मंडळीच्या वडीलजनांना, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळींना, सामोरं जावं लागतं. देवानं आपल्याला कसं बोलावलं ते ज्याचं त्यानं सांगायचं. ते पटलं तर शिशाचा एक बिल्ला मिळतो, आणि बिल्ला असेल त्यालाच मेजाशी जागा. त्या वडीलजनांत नॉर्मन होता. टॉर्किलचा शाळासोबती, चर्चमध्ये स्तोत्र चालवणारा. आवाज खणखणीत आणि स्वभाव त्याहून. सख्ख्या भाचीला त्यानं "अजून वर्षभर विचार कर" म्हणून परत पाठवलं होतं.

शनिवारी त्या खोलीत नवरा-बायकोनं मिळून जायची पद्धत नाही. मी आमच्या चर्चच्या पाळकांना म्हटलं, "याला घरची वाट कोण दाखवणार, तुम्ही?" पाळक अजून तरुण आहेत, ते मुकाट्यानं दारातून बाजूला झाले.

नॉर्मननं सरळ मुद्द्याला हात घातला. "टॉर्किल, तू देवाचा आहेस हे तुला कशावरून कळलं?"

मी उत्तर टॉर्किलकडून घोटून घेतलं होतं, सकाळी न्याहारीला त्यानं ते धडाधड म्हणूनही दाखवलं होतं. आता तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी तोंड उघडलं.

"मर्डिना, तू नाही," नॉर्मन म्हणाला. मी ते परत मिटलं.

"गेलं," टॉर्किल म्हणाला. "हिनं पाठ करून घेतलं होतं, ते गेलं."

"पाठ केलेलं नकोच. मनातलं सांग."

"मनातलंही जातं रे, नॉर्मन. काही सकाळी ही कोण तेही मला कळत नाही. कुणीतरी म्हातारी चहा घेऊन येते आणि माझ्यावर ओरडते. मी तिला ओळखत नाही, पण ती मला ओळखते. पायांत मोजे घालून देते. मी विसरलो म्हणून ती काही मला टाकून गेली नाही, आणि हिचा स्वभाव तर तुला ठाऊकच आहे."

पाळक खिडकीबाहेर बघायला लागले. हसू दाबत होते, दुसरं काय.

"मी जन्मभर माझी मूठ घट्ट आहे का तेवढंच बघत बसलो," टॉर्किल म्हणाला. "आता ती सुटत चाललीय, तरी मी पडत नाही. म्हणजे धरलंय त्यानं. जे हिला जमतं ते त्याला जमणार नाही होय?"

नॉर्मननं दुसरा प्रश्न विचारलाच नाही. उठून आला, बिल्ला टॉर्किलच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं स्वतःच्या हातानं मिटली. माझा तापटपणा देवाच्या कामी आला तो असा, आणि मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पुढच्या बाकांवर पांढरं कापड अंथरलेलं. ते आमचं मेज. स्तोत्र सुरू झालं की भोजनाला बसणाऱ्यांनी एकेक करून पुढे जायचं. आमच्याकडे स्तोत्र चालवणारा आधी एकटा एक ओळ देतो, मग सगळी मंडळी ती ओळ उचलते, मग तो पुढची देतो. दिलेली ओळ कधीही फिरून देत नाहीत.

"माझा हात धरू नकोस," टॉर्किलनं बजावलं होतं. म्हणून मी पुढे जाऊन बसले आणि शेजारी त्याची जागा राखली. तो निघाला आणि मधेच थांबला. त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं, आपण कुठं आहोत, कशाला निघालोय, सगळं पुसलं गेलंय. त्यानं मान वळवून त्या शेवटच्या बाकाकडे बघितलं. मग त्याचा पायही तिकडे वळला. आता परत गेला तर हा कधीच पुढे येणार नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. मी उठायला लागले.

मंडळीची ओळ गाऊन संपली होती. आता पुढची यायची. नॉर्मननं तीच ओळ पुन्हा दिली.

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग दोन-चार आवाज उठले, मग सगळे. टॉर्किलनं मान वर केली. दिलेली ओळ उचलायची एवढं त्याच्या रक्तात होतं, त्याला आठवावं लागलं नाही. तो गायला लागला. गाता गाता एक पाऊल पुढे टाकलं.

नॉर्मननं तिसऱ्यांदा तीच ओळ दिली. एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. शेवटच्या बाकांवरची, जन्मात कधी मेजाशी न आलेली माणसंही तोंड उघडून गात होती. छप्पर उडून जाईल असा आवाज. मी रडत होते आणि गात होते, दोन्ही जोरात. त्या आवाजातून माझा नवरा ताठ मानेनं चालत आला आणि मेजापाशी उभा राहिला.

"ही जागा कुणाची?" त्यानं मला विचारलं.

"तुझी. बस."

तो बसला, आणि मग नॉर्मननं पुढची ओळ दिली.